बिनपाण्याचा कप्तान

आमच्या हेडमास्तरांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ऐकताना कुणालाही वाटेल की हा माणूस निदान कमरेएवढ्या पाण्यात तरी कधी उतरला असेल. नव्हता उतरला. पूस नदीला हिवाळ्यात घोटाभर पाणी, तेसुद्धा ते बैलगाडीत बसून ओलांडायचे आणि वर धोतर खोचून धरायचे. त्यांच्या बायकोनेच एकदा हळदीकुंकवाला आम्हाला सांगितलं होतं, "विहिरीत डोकावाले भेतात हो हे. अन् घरात पाहा, समुद्राशिवाय गोष्ट नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी खुश होतात."

परवा कुणीतरी शाळेची स्मरणिका आणून दिली. तीत त्यांचा फोटो, आणि फोटोखाली छापलंय, ‘सत्यनिष्ठ शिक्षणतपस्वी’. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लिहिणाऱ्याने त्यांना कधी पाहिलंही नसणार. मी पाहिलं होतं. त्या शाळेत मी गणित शिकवत होते, आणि त्यांचं ते सत्य ज्या दिवशी पटांगणात उतरलं, त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले होते.

सत्य म्हणजे काय, तर एक लढाई. शिडांच्या जहाजांच्या काळात, कुठल्याशा बेटांजवळ, इंग्रजांचं एक आणि फ्रेंचांचं एक अशी दोन फ्रिगेटं समोरासमोर आली. फ्रिगेट म्हणजे मधल्या चणीचं लढाऊ जहाज, फार मोठं नाही पण चपळ. त्यांनी दुपारपर्यंत एकमेकांवर तोफा डागल्या. फ्रेंचांची डोलकाठी पडली, त्यांनी निशाण उतरवलं, इंग्रज जिंकले. पण इंग्रजांचीही अशी चाळण झाली होती की जिंकलेलं जहाज ओढून नेता नेता दोन्ही जहाजं वाटेतच बुडाली. ना बेट मिळालं, ना युद्ध थांबलं. झालं, संपली लढाई. एवढ्यावर या गृहस्थांनी उभी हयात काढली.

ही लढाई त्यांना सापडली कुठे, तर कापसाच्या जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब गाव सोडून गेला तेव्हा त्याच्या सामानात. लोकांनी त्याच्या खुर्च्या नेल्या, कंदील नेले, एकाने तर दाराच्या बिजागऱ्या नेल्या. शहाणे होते. आमच्या सरांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक नेलं. ते वाळवीने पोखरलं होतं. मोठमोठ्या लढाया सगळ्या वाळवीच्या पोटात गेल्या होत्या, ही एवढी एक शिल्लक होती. वाळवीलासुद्धा ती घ्यावीशी वाटली नाही. सरांनी घेतली.

मग काय! शाळेच्या कवेलूच्या पडवीला ‘डेक’ म्हणायचं. सकाळी आले की आधी बोट ओलं करून हवेत धरायचं, वारा कुठून आहे ते बघायचं, मग हजेरी. इतिहासाच्या तासाला लढाई, भूगोलाच्या तासाला लढाई, नीतिपाठाला तर हमखास लढाई. एकदा माझ्या गणिताच्या पेपरात मला न विचारता त्यांनी उदाहरण घातलं, अमुक तोफा तमुक वेळा डागल्या तर गोळे किती. पोरांनी बरोबर काढलं. सरांनी सगळ्यांचे गुण कापले. का? तर ओल्या दारूमुळे दोन तोफा उडाल्याच नव्हत्या, आणि हे पोरांना ठाऊक असायला हवं होतं.

मधल्या सुटीत तर विचारू नका. डबा उघडला की माणूस हजर. एकदा माझी ज्वारीची भाकर मोडून त्यांनी दोन जहाजं केली, पिठल्याच्या वाटीभोवती फिरवली, कांद्याच्या फोडी तोफा म्हणून मांडल्या. "बाई, बघा, वारा असा. फ्रेंच इथून येतोय. इंग्रज गप्प आहे. अजून गप्प आहे. अजून..." मी भुकेने कासावीस. शेवटी फ्रेंच जहाज पडलं, आणि लढाई संपली तसं त्यांनी ते उचलून खाऊन टाकलं. मागून इंग्रजही खाल्लं. मला कांदा राहिला.

आणि छप्पन सालची गोष्ट! आमचा भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. गावात दोन तट पडले, वेगळा विदर्भ हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, पानठेल्यावर हातघाईवर यायचे. आमचे सर मात्र सकाळीच पेढे घेऊन शाळेत. मी म्हटलं, "सर, तुम्ही कुठल्या बाजूचे?" तर म्हणे, "बाजू कसली, बाई! आपल्या राज्याला समुद्र लागला!" बापूराव चपराशी पेढा हातात धरून उभा होता. त्याने अगदी मनापासून विचारलं, "कुठी लागला सर? पुसदच्या अलीकडं का पलीकडं?"

मी हसले होते तेव्हा. तोवर त्यांचं वेड कुणाच्या अंगावर आलेलं नव्हतं. भाकरीपुरतं होतं.

आता अंगावर कसं आलं ते सांगते. आमच्या शाळेत मॅट्रिकचा वर्ग नव्हता. त्याच्या आधीच्या वर्गापर्यंत शिकायचं, आणि मॅट्रिक व्हायचं तर पुसदला जाऊन राहायचं. पोरं जायची. पोरींना कोण पाठवतंय? माझ्या वर्गात शमीम नावाची मुलगी होती, रशीद मिस्त्रींची थोरली. मिस्त्री म्हणजे गावातल्या प्रत्येक ऑइल इंजिनाचे आणि सायकलीचे डॉक्टर. शमीमचं डोकं गणितात असं चालायचं की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळते तोवर तिचं उत्तर आलेलं असायचं. उमरखेडला तिचा मामा होता, त्याने आपल्या पोरासाठी तिला मागितलं होतं. मी मिस्त्रींच्या दुकानात जाऊन भांडले. ते पान्ह्याने चाक आवळत शांतपणे म्हणाले, "बाई, मी नाही कायले म्हणू? गावात वर्ग आला तर पोरगी मॅट्रिक करीन, मामाले थांबवतो. पण पुसदले एकटी नाही पाठवू शकत. आन् बिनकामाची घरात बी नाही ठेवू शकत."

म्हणजे वर्ग आला तर शमीम शिकणार, नाही आला तर निकाह. इतकं सरळ होतं. हे मी सरांनाही सांगितलं होतं, एकदा नव्हे, दहादा. ते मान डोलवायचे.

वर्ग येण्याच्या बेतातही होता. अमरावतीहून तपासणीचे साहेब यायचे होते. बाकी सगळं त्यांना पसंत होतं, फक्त वर्गासाठी खोल्या बांधून देऊ अशी हमी संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांच्यासमोर सही करून द्यायची होती. अध्यक्ष म्हणजे गावचे कापसाचे मोठे व्यापारी, अंगावर खादी, बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले. माणूस तापट, पण शब्दाचा पक्का. सही करतो म्हणाले होते. साहेबांचा दिवस ठरला स्नेहसंमेलनाचा. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? स्वागतगीत, लेझीम, चहा-चिवडा, सही, नमस्कार. आमच्या सरांनी ठरवलं, साहेबांना लढाई दाखवायची.

पाणी नाही तर नाही, बैलगाड्या आहेत ना! दोन गाड्यांवर बांबूचे सांगाडे चढवले, कापसाच्या बोऱ्यांची शिडं केली, डोलकाठ्या उभ्या केल्या. रशीद मिस्त्रींनी लोखंडी नळ्यांच्या तोफा करून दिल्या, बार भरायचं कामही स्वतःकडे घेतलं. इंग्रज जहाजाला बापूरावचे म्हातारे बैल. फ्रेंच जहाजाला मात्र सरांना देखणे बैल हवे होते, म्हणून शेजारच्या तांड्यातून हिरामणची जोडी मागवली. हिरामण बंजारा, शंकरपटातला नावाजलेला गडी. पट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. झेंडी पडली की जोडी सुटते, आणि हिरामणची जोडी सुटली की बाकीचे धूळ खात बसायचे. असे बैल सरांनी हरणाऱ्या जहाजाला जुंपले. का, तर म्हणे फ्रेंच दिसायला डौलदार होते.

तालीम बघायला अध्यक्ष आले आणि भडकले. "म्हंजे इंग्रज जिंकतेत? ज्याहीच्या काठ्या म्या पाठीवर खाल्ल्या, ते मायाच पटांगणात जिंकतीन? फ्रेंच जिंकले पाहिजेत. सांगून ठेवतो, मास्तर."

"तसं झालं नव्हतं, भाऊसाहेब," सर म्हणाले.

"झालं नसन तर आता करा!"

ते गेल्यावर मी सरांच्या हातापाया पडायची तेवढी राहिले. म्हटलं, सर, कोण कुठले फ्रेंच आणि कोण कुठले इंग्रज, दोघंही बुडाले, आपल्या गावात कुणाला काय फरक पडतो? नाही तर बरोबरीत सोडवा. शमीमची तरी आठवण ठेवा. तर छाती काढून मला म्हणतात, "बाई, तुम्ही गणित शिकवता. दोन अधिक दोन किती ते अध्यक्षांना विचारून सांगता का? लढाई लहान होती म्हणून ती खोटी सांगायची?" अध्यक्षांसमोर ते पुढे काही बोलले नाहीत, आणि त्या गप्प बसण्याला अध्यक्ष होकार समजून बसले.

संमेलनाच्या दिवशी पटांगण माणसांनी नुसतं फुललं होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक गाड्या जुंपून आले होते, समुद्र पाहायला. साहेब मधल्या खुर्चीत, शेजारी अध्यक्ष. पुसदहून भोंगा आणला होता. सर स्वतः इंग्रज कप्तान, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, खाली धोतर. ड्रिलमास्तर फ्रेंच कप्तान, अंगात लग्नाच्या बँडवाल्याचा कोट. गाड्या समोरासमोर आल्या. मिस्त्रींनी बार उडवले, धूर झाला, लहान पोरं रडली. फ्रेंचांची डोलकाठी ठरल्याप्रमाणे पडली. अध्यक्षांच्या कपाळावर आठी चढली. ड्रिलमास्तर उभे राहिले आणि हार मानल्याची खूण म्हणून निशाण उतरवायला लागले. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठलेच. मी डोळे मिटले.

तेवढ्यात एकच आरडाओरडा. डोळे उघडते तर काय, फ्रेंच जहाज सुटलेलं! निशाण खाली येताना दिसलं मात्र, हिरामणने आयुष्यभर जे केलं तेच केलं. शेपट्या पिळल्या, "हैऽऽ" करून आरोळी ठोकली, आणि पटाची जोडी वाऱ्यासारखी निघाली. ड्रिलमास्तर मागच्या मागे कोलमडले. बापूरावच्या बैलांनी समोरून ते संकट येताना पाहिलं आणि त्या वयातही टुणकन बाजूला झाले. त्यांची गाडी कलंडली. इंग्रजांची डोलकाठी मोडली, शिडं फाटली, आणि कप्तान टोपीसकट मातीत. फ्रेंच फ्रिगेट पटांगणाच्या पार टोकाला जाऊन थांबलं, आणि हिरामण सवयीने वळून बघायला लागला, मागे कोण राहिलं ते.

नंतर त्याला विचारलं तर तो गोंधळून म्हणाला, "झेंडी पडली न बाई? झेंडी पडल्यावर उभं राह्यते का कोणी?"

पण तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळं पटांगण टाळ्या पिटत होतं. अध्यक्ष उभे राहून ओरडत होते, "हाणा! अस्सं पाहिजे! इंग्रज पडला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून हसून. साहेबांची तीच गत. रुमालाने डोळे पुसत ते म्हणाले, "असं संमेलन मी जन्मात पाहिलं नाही. आणा तो कागद, भाऊसाहेब, आत्ताच उरकून टाकू." अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं. टोपणसुद्धा उघडलं. मी शमीमकडे पाहिलं. ती पोरींच्या घोळक्यात उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती. मला वाटलं, सुटलो. बैलांनी सोडवलं.

आणि भोंग्यातून आवाज आला. "थांबा!"

सर उठले होते. धोतर फाटलेलं, नाकाला माती. भोंग्याचा मायक्रोफोन दोन्ही हातांत धरून म्हणतात, "प्रेक्षकहो, हे चूक आहे. असं झालं नव्हतं. फ्रेंच हरले होते. इंग्रज जिंकले होते."

साहेब म्हणाले, "राहू द्या हो सर, छान झालं."

"नाही साहेब. विद्यार्थ्यांसमोर असत्य राहता कामा नये." आणि या माणसाने कंबर धरून बसलेल्या ड्रिलमास्तरांना ओढत मैदानाच्या मध्ये आणलं. त्यांना गुडघ्यावर बसवलं, अगदी अध्यक्षांच्या खुर्चीसमोर. त्यांची लाकडी तलवार स्वतःच्या हातात घेतली आणि भोंग्यावर सांगितलं, "इंग्रजांचा विजय झाला." वर पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं. पोरांनी घाबरत घाबरत म्हटलं.

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. चपला घातल्या आणि फाटकातून चालते झाले. कागद टेबलावर तसाच राहिला. साहेब चहा होईपर्यंत थांबले, दोनदा घड्याळ पाहिलं, मग जीपमध्ये बसून गेले. हमी नाही तर वर्ग नाही, त्यांच्या हातात काय होतं?

आम्ही मास्तरमंडळी अध्यक्षांच्या घरी खेटे घालून दमलो. ते एकच सांगायचे, "त्या कप्तानाले म्हणा, जाय इंग्रजायकडून सही आन." मी सरांना म्हटलं, नुसतं जाऊन या, दोन शब्द बोला, माणूस रागीट आहे पण विरघळेल. "मी काय चूक केली?" हे त्यांचं उत्तर. पडवीत उभे राहून, बोट ओलं करून, वारा बघत बघत दिलेलं. संताप संताप झाला माझा. वर्ग आला पुढे, अध्यक्ष बदलल्यावर. पण शमीमला तो काय कामाचा?

उन्हाळ्यात तिचा निकाह ठरला. मामाच्या पोराशी, उमरखेडला. शाळेची पुस्तकं परत करायला आणि तिचं नाव कमी करायला रशीद मिस्त्री स्वतः आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. मी सरांच्या खोलीतच होते. मिस्त्रींनी सगळं आटोपलं, पण उठेनात. मग अगदी नरम आवाजात म्हणाले, "मास्तरसाब, एक पुछना था. सारे म्हणत होते वर्ग भेटते म्हणून. मंग काहून नाही भेटला?"

मी सरांकडे पाहिलं. म्हटलं, बोला आता. भोंगा नाही, साहेब नाहीत, अध्यक्ष नाहीत. समोर ज्याच्या पोरीचं शिक्षण गेलं तो बाप आहे. दोन वाक्यांचं सत्य आहे, टाका सांगून. सरांनी टेबलावरचा रूळ उचलला, परत ठेवला. खिडकीबाहेर पाहिलं. आणि म्हणाले, "त्याचं काय आहे, मिस्त्री, वरूनच नामंजूर झालं. सरकारचं धोरण बदललं. आपल्या हातात काही नव्हतं."

"अच्छा," मिस्त्री म्हणाले. "आपने तो बहुत कोशिश की." सलाम करून ते निघाले.

माझ्याने बसवेना. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावत गेले. त्यांनी शमीमचं स्वतःचं भूमितीचं पुस्तक पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं, दुसऱ्या पोरीच्या कामी पडीन म्हणाले. मी म्हटलं, "मिस्त्री, सरांनी सांगितलं ते खोटं आहे. धोरणबिरण काही नाही. त्यांच्या हट्टापायी वर्ग गेला."

मिस्त्रींनी सायकलचं स्टँड काढलं.

"मालूम हाये, बाई. मी तर तिथंच होतो, तोफेच्या बाजूले. फ्रेंचाचं खरं त्याहीनं भोंग्यावर सांगतलं. मले पाह्याचं होतं, आपलं सांगते का."